फोनला खूण कोण विचारणार?

आमच्याकडे फोन आला तो एकट्या आमच्या घरात आला नाही, सगळ्या आळीत आला. बाबांनी नंबर लावून इतका काळ लोटला होता की आईनं त्याचं नाव काढणंसुद्धा सोडून दिलं होतं. मग एक दिवस लाइनमन खांबावरून तार ओढत आला आणि बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखालच्या कोनाड्यात, एक काळा जड फोन बसवून गेला. आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. मिरजगावात तेव्हा फोन फिरवायची भानगड नव्हती. रिसीव्हर उचलायचा, की एक्स्चेंजमधल्या सुशीलाताईंचा आवाज यायचा, "नंबर बोला." त्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांना सर्दी झाली की आम्हाला कळायचं. आमचा नंबर सत्तावीस. बघता बघता तो निम्म्या गावाच्या लग्नपत्रिकांवर छापला गेला, पुढं 'पी.पी.' लावून. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, पण बोलावून देतील. कुणाची पोरगी बाळंत झाली, कुणाची बदली झाली, कोण वारलं, सगळं आधी आमच्या कोनाड्यात यायचं आणि मग मी चपला न घालता आळीतून पळत सुटायचे.

बाबा प्राथमिक शिक्षक. वाडीवरच्या शाळेत सायकलनं जायचे. फोन आला त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून धडाच दिला. "वैशे, ह्या फोनवर जो बोलतो तो कुणाचा तरी आपला माणूस असतो. त्याला तोडून बोलायचं नाही. कोण, कुठून, कुणाला, काय निरोप, सगळं नीट विचारायचं, आणि तो विचारील ते नीट सांगायचं." एक वही दिली, निरोपाची. मी चौदा वर्षांची. आळीतल्या मोठमोठ्या बाया माझ्यापुढं येऊन "वैशाली, आमचा काही फोन?" म्हणून विचारायला लागल्यावर माझ्या डोक्यात किती हवा गेली असेल, तुम्हीच बघा. माझ्या आवाजाचं कौतुक व्हायचं. मी तो आवाज आरशापुढं उभी राहून घोटलेला होता, हे कुणाला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी संगी आमच्याकडं राहायला आली. संगीता, माझ्या आत्याची मुलगी, पाथर्डीकडची. आत्या आणि तिचे मालक दर वर्षी दिवाळी उरकली की कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे आणि चैत्राच्या सुमारास परत यायचे. संगीचं निम्मं लहानपण उसाच्या फडातच गेलं होतं. पण ती अभ्यासात हुशार निघाली आणि दहावीला पोचली. तेव्हा बाबांनी बहिणीला बजावून सांगितलं, "आता पोरीला फडावर न्यायचं नाही. माझ्या घरी राहील." संगी आली ती एक पत्र्याची पेटी आणि एक उशी घेऊन. सगळं घर झोपल्यावर ती उशीवर तोंड दाबून पडायची. रडते म्हणावं तर आवाज नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "आयेच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवलाय आत. आयेनंच शिवून दिला. वास येतो. कुनाला सांगू नगं, हसत्याल." मी हसले नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे, पण एवढी एक गोष्ट माझ्या पोटात राहिली. का राहिली, हे मला आजही सांगता येत नाही.

संगी दिसायला काटक, बोलायला फटकळ. माझ्या भाकऱ्या बघून म्हणायची, "ह्यो काय नकाशा हाय का भाकर हाय?" आणि मला उठवून स्वतः बसायची. तिच्या हातची बाजरीची भाकरी तव्यावर टम्म फुगायची. थंडीत ती हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करायची, लसणाचा ठसका घराबाहेर जायचा, आणि बाबा सायकल लावता लावताच म्हणायचे, "आज संगीचा स्वयंपाक." पण फोन वाजला, की ती हातातलं पीठ तसंच ठेवून दारापर्यंत यायची. दर वेळी. तिच्या आईबापाच्या कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीवर, फोन कुठला यायला! कुठल्या गावच्या हद्दीत तोडणी चाललीय, हे त्यांच्या मुकादमाला ठाऊक असेल तर असेल. तरी ती यायची, मी मान हलवली की परत चुलीपुढं जाऊन बसायची.

आत्याचा निरोप यायचा तो माणसाबरोबर. कधी जीपवाला, कधी ट्रकवाला. आणि अशा अनोळखी माणसाला आई उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, आधी खूण विचारायची. ही आमच्याकडची जुनी रीत. निरोप धाडणारा माणूस अशी एक गोष्ट सांगून पाठवायचा, की जी फक्त घरच्यांनाच माहीत असेल. एकदा एक जीपवाला गुळाची ढेप घेऊन आला. आई दारातूनच म्हणाली, "खूण काय दिलीय?" तो बिचारा लाजत म्हणाला, "त्या म्हन्ल्या, दिवाळीला तुमच्या लाडवात साखरंऐवजी मीठ पडलं हुतं, त्ये सांगा." आई तोंडाला पदर लावून हसत सुटली आणि मग त्याला चहा मिळाला. शाळेतून परस्पर कुणाला आणायला पाठवायचं झालं, तरी खूण. शेतातून बैल मागवायचा, तरी खूण. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आम्ही असं तपासून घेत होतो. फोन मात्र दारातून आलाच नव्हता. तो आधीपासून घरात, तसबिरीखाली बसलेला होता. त्याला खूण कोण विचारणार?

शनिवारी शाळा सकाळची. अकराला सुटायची. आई अंगणवाडीत, ती एकला यायची, बाबा दीड-दोनला. संगी शाळेतून आली की धुणं घेऊन ओढ्यावर जायची. तेवढ्या वेळात घर माझ्या ताब्यात. अशाच एका शनिवारी फोन आला. "जाधवांचं घर का?" मी म्हटलं, नाही, पण आळीत जाधव आहेत, बोलावू का? तो माणूस हसला. "नको, दुसरे असतील. तू किती छान बोलतेस गं. शिक्षकांची मुलगी आहेस का?" मला काय वाटलं असेल! इतके फोन यायचे, पण त्यातला एकही माझ्यासाठी नसायचा. मी म्हणजे आळीचा पोस्टमन. आणि हा माणूस मला नाव विचारत होता, कितवीत आहेस विचारत होता, कोणता विषय आवडतो विचारत होता. मला तोडून बोलायचं नाही असं शिकवलं होतं. मी नीट सांगितलं. सगळं नीट सांगितलं.

त्याचा फोन पुढच्या शनिवारी पुन्हा आला, त्याच्याही पुढच्या. म्हणाला, मला राजूदादा म्हण. त्यानं कधी वावगा शब्द काढला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं असा माणूस ओळखू येतो. तो माझ्या कविता ऐकायचा. 'घरी कोण कोण असतं' हे त्यानं कवितांच्या मध्ये कुठं तरी विचारलं, 'आई किती वाजता येते' हे आणखी कुठं तरी. संगीबद्दल मीच सांगितलं. आतेबहीण आहे, दहावीला आहे, तिचे आईवडील तोडीला गेलेत, त्यांचा काही पत्ता लागत नाही, बिचारी रोज वाट बघते. दिसते कशी? सावळी, दोन वेण्या, हिरव्या रिबिनी, डाव्या भुवईवर व्रण. कसला व्रण? लहानपणी फडात कोयत्यावर पडली होती. मी गोष्ट रंगवून सांगितली. मला गोष्टी रंगवायची हौसच होती.

आता आमच्या शाळेत पालकसभा होते तेव्हा मला मोबाईलबद्दल बोलायला उभं करतात. मी शिक्षिका झाले, पन्नाशीला आले, आणि त्या उपकरणातलं माझ्यापेक्षा माझ्या विद्यार्थ्यांनाच जास्त कळतं. पालक म्हणतात, "बाई, पोरं अनोळखी लोकांशी बोलतात, अक्कल नाही का त्यांना?" मी म्हणते, अक्कल होती हो मला. वर्गात पहिली यायचे. माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि तो बोलत होता, एवढंच. पालकांना हे उत्तर आवडत नाही. ते मोबाईलला कुलूप कसं लावायचं ते विचारायला आलेले असतात.

मग दोन शनिवार फोन आला नाही. मी हिरमुसले. तिसऱ्या शनिवारी आला तो आनंदानं ओरडतच. "वैशाली, अगं सापडली तुझी आत्या! मी इकडं कारखान्यावर उसाच्या वजनकाट्यावर कामाला लागलोय. ऊस घेऊन येणाऱ्यांत चौकशी केली. संगीला दे फोन." मी अनवाणी ओढ्यापर्यंत पळाले. संगी पिळलेली धुणी तिथंच टाकून आली, ओल्या हातानं रिसीव्हर धरला, आणि पहिली गोष्ट तिनं काय केली असेल, तर विचारलं, "आयेनं खून काय दिलीय?"

मी शेजारीच कान लावून उभी. पलीकडून तो शांतपणे म्हणाला, "डाव्या भुवईवर तुला व्रण आहे, कोयत्यावर पडली होतीस, असं सांग म्हणाली."

संगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याकडं बघून ती पुटपुटली, "पटली गं खून, वैशे." ही खूण मी दिली होती. मीच, मागच्या महिन्यात. तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, "संगे, हे मीच सांगितलंय त्याला." पण ते बोलले असते तर मी तिच्या घरच्या गोष्टी परक्याला सांगितल्या हे उघड झालं असतं, शिवाय तिचा तो आनंद! मी माझी समजूत घातली, आत्यानंही तेच सांगितलं असेल. एवढा मोठा व्रण आहे, कुणीही तेच सांगेल. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो, नाही?

पुढच्या शनिवारी निरोप, आये बरी आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी, आयेला ताप आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी, ताप उतरत नाही, तुझं नाव घेते. संगीचं जेवण तुटलं. भाकऱ्या करपायला लागल्या, आई विचारायची, "काय गं, अभ्यासाचं टेन्शन घेतलं का?" शेवटच्या फोनमध्ये तो म्हणाला, "येत्या शनिवारी कारखान्याची जीप घेऊन मी नगरला येतोय. तू सकाळच्या गाडीनं स्टँडवर ये, मी तुला आईकडं नेतो, रविवारी आणून सोडतो. मामांना सांगू नकोस. ते तुला परीक्षेचं वर्ष म्हणून सोडणार नाहीत, आणि आईचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर हळहळशील." संगीनं रिसीव्हर ठेवला आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "माजी शपत हाय तुला. मामाला सांगितलंस तर मी मेले समज."

त्या शनिवारी आम्ही दोघी दप्तरं घेऊन निघालो. तिच्या दप्तरात एक साडी होती आत्यासाठी, आणि शेंगोळे डब्यात भरून घेतले होते, आयेला आवडतात म्हणून. ते शेंगोळे मला आजही आठवतात. स्टँडवर नगरची गाडी उभीच होती. संगी चढली, खिडकीतून म्हणाली, "जा तू. बाईंनी इचारलं तर पोट दुखतंय म्हनावं." गाडी गेली. मी शाळेत जाऊन बसले. पहिला तास गणिताचा, दुसरा भूगोलाचा. फळ्यावर काय होतं देव जाणे. मला फळ्यावर एकच दिसत होतं, कोयता, भुवई, व्रण. आत्यानं तीच खूण का द्यावी? संगीला बघितलेल्या कुणालाही दिसणारी गोष्ट खूण म्हणून कोण देतं? खूण म्हणजे लाडवातलं मीठ. न दिसणारी. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईनं व्रणाची खूण दिली नसती! हे मला भूगोलाच्या तासाला कळलं आणि मी बाईंना न विचारताच वर्गातून उठले.

घराची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली. मी कुलूप काढून रिसीव्हर उचलला. तोपर्यंत मला फक्त खात्री करून घ्यायची होती. कारखान्यावर फोन लावायचा, आत्याचा ताप विचारायचा, एवढंच.

"नंबर बोला."

"सुशीलाताई, मी सत्तावीसमधून वैशाली. कारखान्यावर लावून द्या ना."

"कुठल्या कारखान्यावर?"

"आम्हाला शनिवारी फोन येतो तो."

"तो कुठं कारखान्याचा?" सुशीलाताई म्हणाल्या. "तो नगरचाच येतो की गं दर वेळी. नगरची ऑपरेटर सांगते ना मला. कुठल्या तरी पीसीओवरनं बोलतो तो. पहिल्यापासनं तिथूनच."

मी कोनाड्याखाली बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडता काय बोलत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. त्या बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अगं कार्टे, काय करून बसलीस! सुशीलाताई म्हणाल्या, "वैशाली, रडणं नंतर. रागावणं पण नंतर. आधी सगळं सांग, मी ऐकतेय." मी सगळं सांगितलं. सांगून होईतोवर त्यांचा आवाज बदलला होता. "गाडी किती वाजता सुटली?" पावणेआठला. "आता सव्वानऊ झालेत. रुईछत्तीसी कधीच मागं पडली. पावणेदहापर्यंत पोचते ती. नगरला स्टँडजवळ तुमचं कोण आहे?"

मी निरोपाची वही उघडली. अन्वरचाचा. बाबांचे ट्रेनिंगच्या वेळचे मित्र, नगरच्या स्टँडसमोर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याकडं फोन नव्हता. बाबांच्या अक्षरात नंबर लिहिला होता आणि पुढं, पी.पी. शेजारचं स्टेशनरीचं दुकान. सुशीलाताईंनी एक्स्चेंजमधल्या शिपायाला सायकलवरून आधी अंगणवाडीत आईकडं आणि मग बाबांकडं वाडीला पिटाळलं आणि नगरची लाइन मागितली. घंटी वाजते आहे, वाजते आहे, कुणी उचलत नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. शेवटी कुणी तरी उचलला. सुशीलाताई कडाडल्या, "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, घड्याळवाल्या अन्वरभाईंना पळत जाऊन बोलवा!" त्या दुकानदाराला आम्ही कोण, कुठल्या, काही माहीत नव्हतं. "थांबा," एवढंच म्हणून तो गेला. बोलावून देणं ही रीत त्याच्याही अंगवळणी पडलेली होती.

अन्वरचाचा धापा टाकत फोनवर आले. "बोल बेटा." मी सांगितलं. ते म्हणाले, "पण मी पोरीला कधी पाहिलेलं नाही. ओळखू कशी?"

"सावळी आहे. दोन वेण्या, हिरव्या रिबिनी. डाव्या भुवईवर व्रण." हेच शब्द, ह्याच क्रमानं, मी त्या माणसालाही सांगितले होते.

"ठीक आहे. पण बेटा, ती माझ्यावर का विश्वास ठेवील? तिच्या नजरेत मीही परकाच. खूण दे काही तरी."

खूण! मी डोळे मिटले. त्या माणसाला मी काय सांगितलं नव्हतं? व्रण सांगितला होता. शेंगोळे सांगितले होते. माझ्या भाकरीला ती नकाशा म्हणते, हेही हसत हसत सांगितलं होतं. पत्र्याची पेटी, पाथर्डीकडचं गाव, तिला फडावर न्यायचं नाही म्हणून बाबांनी आत्याला दिलेली तंबी, वर्गातला नंबर. घरातलं एकेक आठवत होते आणि एकेक मी आधीच देऊन बसले होते. आमचं आख्खं घर मी त्या फोनच्या तोंडात घातलं होतं. पलीकडून चाचा म्हणाले, "बेटा, जल्दी. गाडी आत वळतेय."

"उशी," मी ओरडले. "चाचा, तिच्या उशीत तिच्या आईच्या लुगड्याचा तुकडा शिवलाय. आईनंच शिवलाय. हे कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नाही."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग काही नाही. सुशीलाताई मध्येच विचारायच्या, "आहेस ना?" मी म्हणायचे, "आहे." त्या वेळात आई आली, दारातच थबकली, माझं तोंड बघून तिनं विचारलं आणि मी सांगितलं. तिनं माझ्या कानशिलात अशी लगावली की डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि लगेच मला पोटाशी धरून स्वतःच रडायला लागली. बाबा आले. सायकल त्यांनी अंगणात तशीच आडवी टाकली. ते माझ्या शेजारी, खाली जमिनीवर बसले. मी त्यांना जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

स्टँडवर काय झालं ते संगीनंच नंतर सांगितलं. गाडीतून उतरली तर एक माणूस समोर उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात केळी. "संगीता ना? चल, जीप पलीकडं आहे," म्हणून त्यानं तिचं दप्तर घेतलंसुद्धा. ती त्याच्यामागं चालायला लागली. तेवढ्यात एक टोपीवाला म्हातारासा माणूस पळत आला आणि वाट अडवून म्हणाला, "बेटा, मिरजगावहून फोन आलाय. तुझ्या उशीत आईच्या लुगड्याचा तुकडा आहे, ही खूण." संगी जागच्या जागी थांबली. इस्त्रीवाला हसून म्हणाला, "कोण हा? चल, तुझी आई वाट बघतेय." संगी त्याला म्हणाली, "आयेनं तुमच्याकडं दुसरी खून काय दिलीय?" तो म्हणाला, "सांगितली की, भुवईवरचा व्रण." "त्यो तर आत्ता तुमाला दिसतोयच. न दिसनारी सांगा." त्यानं तिचं मनगट धरलं. धरल्याबरोबर अन्वरचाचा असे ओरडले की कंडक्टर, हमाल, पेरूवाल्या बाया सगळ्या धावल्या. तो दप्तर टाकून गर्दीत मिसळला तो मिसळलाच. बाबा पोलिसांत जाऊन आले. पीसीओवाला म्हणाला, दिवसाला इतके लोक येतात, कोणाकोणाचं तोंड लक्षात ठेवू? तो सापडला नाही. तो कोण होता, आमचा नंबर त्याला कुठून मिळाला, संगीला कुठं नेणार होता, ह्यातलं आम्हाला कधीच काही कळलं नाही. त्यानं दुसरा कुठला नंबर लावला असेल का, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

त्या दिवशी दुपारी चाचा स्वतः संगीला घेऊन आले. डब्यातले शेंगोळे आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले. मी संगीला म्हटलं, "खूण मी दिली होती त्याला. मला तेव्हाच कळलं होतं." ती म्हणाली, "शेवटाला सांगितलंस न्हवं." आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. बाबांनी निरोपाची वही मागितली. मला वाटलं, फाडणार. त्यांनी पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, 'आधी खूण.' मग मला म्हणाले, "चूक माझी, वैशे. मी तुला बोलायला शिकवलं. कधी गप्प राहायचं ते शिकवायचं राहून गेलं." एवढं बोलून ते उगाचच सायकल पुसायला बाहेर गेले.

संगी त्यानंतर फोनजवळ फिरकत नव्हती. वाजला की आत निघून जायची. सुशीलाताईंनी मात्र चंग बांधला होता. ह्या एक्स्चेंजवरून त्या एक्स्चेंजला, मुकादमाच्या गावाला, तिथून कारखान्याच्या ऑफिसला, अशी त्यांनी आमच्या आत्याची शोधाशोध चालवली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. एका संध्याकाळी फोन वाजला. "वैशाली, संगीताला बोलाव. हा खरा आहे. मी स्वतः लावलाय."

आईनं तिला हाताला धरून आणलं. संगीनं रिसीव्हर कानाला लावला. खरखर इतकी, की शेजारी उभं राहून मला तुटक तुटकच ऐकू येत होतं. जन्मात कधी फोन न धरलेल्या बाईचा तो मोठमोठ्यानं ओरडणारा आवाज, "संगे... अगं संगे... मी आये..." बाबांनी डोळे पुसले. आवाज आत्याचाच होता, आम्हाला सगळ्यांना कळत होतं. संगीलाही कळत होतं. तरी तिनं विचारलं.

"खून सांग."

पलीकडं सगळं गप्प झालं. मला वाटलं लाइन तुटली. मग आत्याचा आवाज एकदम खाली आला, इतका की मला एक अक्षर ऐकू आलं नाही. संगी ऐकत होती. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली आणि तशीच घसरत खाली बसली, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून, आणि "आये, आये" एवढंच म्हणत राहिली.

संगी आता पाथर्डीला नर्स आहे, तिला नातवंडं आहेत. आम्ही रोज मोबाईलवर बोलतो. आत्यानं त्या संध्याकाळी कोणती खूण सांगितली, ते तिनं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.